पगारपत्रकापासून तासिकेपर्यंत : मराठवाड्यातील प्राध्यापक चळवळ

औरंगाबादेत महाविद्यालयीन शिक्षण आले ते सरकारी नोकरीच्या रूपाने. १९२३ साली निजाम सरकारने इथे इंटरमीजिएट कॉलेज सुरू केले. कॉलेज हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले, शिकवण्याची भाषा उर्दू आणि शिकवणारे सगळे सरकारच्या पगारपत्रकावर. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक या कॉलेजचे प्राचार्य होते आणि १९३० साली इथूनच निवृत्त झाले. प्राध्यापकांनी संघटना बांधावी असा तो काळच नव्हता. साधी सभा घ्यायची तरी ‘गश्ती निशाण ५३’ नावाच्या फर्मानाखाली परवानगी काढावी लागे. विद्वानांना मान होता, पण सामुदायिक मागणी करण्याची मुभा नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि चित्र झपाट्याने पालटले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू केले. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. मिलिंदसाठी बाबासाहेबांनी मुंबईहून म. भि. चिटणीसांसारखे प्राध्यापक आणले, आणि मिलिंदच्या नागसेनवन परिसरात शिकणे-शिकवणे हेच एक चळवळ होऊन बसले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. पुढच्या दशकात देवगिरी, मौलाना आझाद अशी एकेक महाविद्यालये शहरात निघाली आणि मग तालुक्याच्या गावीही पाटी लागू लागली.

या प्रसाराने मराठवाड्याचे भले झाले, यात शंका नाही. शेतकऱ्याचा, मजुराचा मुलगा बी.ए. झाला तो गावाजवळ कॉलेज निघाले म्हणून. पण या बहुतेक संस्था खासगी होत्या. प्राध्यापकाची नेमणूक करायची संस्थेने, पगार द्यायचा संस्थेने आणि ‘उद्यापासून येऊ नका’ हे सांगायचेही संस्थेनेच. सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाला सेवानियमांचा आधार होता. खासगी संस्थेतल्या प्राध्यापकाला आधार होता तो संस्थाचालकांच्या मर्जीचा. महिनोन्महिने थकणारे पगार, उन्हाळ्याची सुट्टी लागताच संपणारी नेमणूक, आणि पगारपत्रकावर सही एका आकड्यावर पण हातात पडणारी रक्कम वेगळी, हे प्रकार तेव्हाच्या महाराष्ट्रात सर्रास चालत.

सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा! प्राध्यापक संघटना कशातून जन्मल्या हे समजायला एवढे पुरे आहे. तक्रार करायची तर पुरावा काय? पगारपत्रकावर तर आपलीच सही. एकट्याने तोंड उघडले तर नोकरी जाते. चार गावांतले चाळीस जण एकत्र आले तरच कोणीतरी विद्यापीठाच्या दारात जाऊन बोलू शकतो.

राष्ट्रीय पातळीवर या काळात दोन गोष्टी घडल्या. १९६२ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांचा अखिल भारतीय महासंघ, म्हणजे आयफुक्टो, स्थापन झाला. आणि १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आढावा घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षकांच्या संघटनांना मान्यता द्या आणि प्रत्येक राज्यात सेवाशर्तींवर बोलणी करण्यासाठी सरकार आणि शिक्षक यांची संयुक्त परिषद स्थापन करा, अशी शिफारस आयोगाने केली होती. ती मनापासून अमलात आली असती, तर पुढच्या पन्नास वर्षांतले निम्मे संप झालेच नसते असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्रात विद्यापीठागणिक संघटना उभ्या राहिल्या. मुंबईत बुक्टू, पुण्यात पुक्टो, विदर्भात नुटा आणि मराठवाड्यात मुक्टा. या सगळ्यांचा राज्यस्तरीय महासंघ एमफुक्टो. नुटाचे प्रा. बी. टी. देशमुख १९८० पासून तीस वर्षे अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून येत राहिले. शासन निर्णय, परिपत्रक, अधिनियमाचे कलम हातात धरून सभागृहात एकेक शब्दाचा हिशेब मागायचा, ही त्यांची पद्धत. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनीही हाच वसा घेतला. संघटनेचा पदाधिकारी म्हणजे बगलेत शासन निर्णयांची फाइल घेतलेला माणूस, हे चित्र जुन्या प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे आजही असेल.

लढ्याचे पहिले मोठे फळ पगाराचे होते. १९७३ पासूनची विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी महाराष्ट्राने १९७७ साली लागू केली. अधिव्याख्यात्याला ७०० ते १६०० रुपयांची श्रेणी मिळाली. पगाराचा भार सरकारी अनुदानावर आला आणि संस्थाचालकाच्या मर्जीची पकड सैल झाली. १९७४ च्या विद्यापीठ अधिनियमांनी सिनेटवर निवडून जाण्याची वाट आधीच रुंद केली होती. पुढे महाविद्यालयीन न्यायाधिकरण आले आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागायला जागा मिळाली. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. आता बीड-परभणीच्या प्राध्यापकाला हायकोर्टासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. खंडपीठ नसते तर मराठवाड्यातल्या किती सेवाविषयक याचिका दाखलच झाल्या नसत्या!

मात्र न्यायालयाचा एक निकाल या चळवळीच्या मुळाशी आहे आणि तो फार कमी प्राध्यापकांना ठाऊक असतो. गोव्यात करंझाळे इथल्या एका शाळेतल्या शिक्षिकेची सेवा एप्रिल १९७५ मध्ये संपवण्यात आली. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. बंगलोर वॉटर सप्लायच्या गाजलेल्या निकालाने १९७८ साली शिक्षणसंस्थाही ‘उद्योग’ ठरल्या होत्या, त्यामुळे आशा होती. पण २७ जुलै १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. सुंदरांबळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्यात सांगितले की संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा ‘कामगार’ नाही. शिक्षकाचे काम कारकुनी नव्हे, अंगमेहनतीचे नव्हे, तांत्रिकही नव्हे, ते त्याहून उदात्त आहे, म्हणून या कायद्याचे संरक्षण त्याला लागू होत नाही. शिक्षकांसाठी दाद मागण्याचे वेगळे व्यासपीठ कायद्याने निर्माण करावे, असेही न्यायालयाने सुचवले.

या निकालाचा अर्थ संघटनांच्या दृष्टीने फार मोठा होता. वाळूजच्या एखाद्या कारखान्यातली मान्यताप्राप्त युनियन मालकाला कराराच्या टेबलावर बसवू शकते. तिने केलेला करार सर्वांना बांधील असतो. प्राध्यापक संघटनेला हा अधिकार नाही. ती निवेदन देते, धरणे धरते, परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकते, सिनेटमध्ये ठराव मांडते, आमदाराकरवी प्रश्न विचारते आणि शेवटी याचिका दाखल करते. इतर देशांत असे नाही. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९७२ साली दोन संघटना एकत्र येऊन प्रोफेशनल स्टाफ काँग्रेस झाली. ती पूर्णवेळ आणि अर्धवेळ अशा दोन्ही प्राध्यापकांच्या वतीने एकच करार करते. वाद तिथेही होतात, अर्धवेळ प्राध्यापकांची नाराजी तिथेही आहे, पण दोघांचे नाव एकाच करारात असते. आपल्याकडे करारच नसल्याने कोण आत आणि कोण बाहेर हे सरकारच्या शासन निर्णयाने ठरते.

कराराचा अधिकार नसला तरी चळवळ जोमात होती. या निकालाच्या आदल्या वर्षी, १९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, देशभरातल्या प्राध्यापकांनी संप केला. वेतनश्रेणीविषयीच्या मेहरोत्रा समितीच्या शिफारशींवरून सुरू झालेल्या या संपाच्या काळातच २२०० ते ४००० ची श्रेणी आकाराला आली. मराठवाडा तेव्हा दुसऱ्या एका आगीतूनही जात होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत या प्रश्नाने विद्यापीठाच्या परिसराला दोन भागांत चिरले होते. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे दोन प्राध्यापक पगाराच्या मोर्चात एकत्र आणि नामांतराच्या प्रश्नावर समोरासमोर, अशी ती वर्षे. आरक्षणाचा अनुशेष, बिंदुनामावली, मागासवर्गीय प्राध्यापकांच्या नेमणुका हे विषय केवळ वेतनश्रेणीच्या भाषेत मावणारे नव्हते. म्हणून पुढे औरंगाबादेत मुप्टा म्हणजे महाराष्ट्र अंडरप्रिव्हिलेज्ड टीचर्स असोसिएशनसारखी संघटना वाढली. जुन्या संघटनेतल्या काहींना ही फूट वाटे. मला ती न्याय्य गरज वाटते. जो प्रश्न मागणीपत्रकात शेवटून दुसरा येतो, तो ज्यांच्या आयुष्यात पहिला असतो त्यांनी स्वतःचे मागणीपत्रक लिहिलेच पाहिजे. १९९४ मध्येच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले आणि जुन्या क्षेत्राबरोबर संघटनाही विभागली. औरंगाबादकडे बामुक्टा, नांदेडकडे स्वामुक्टा.

यानंतरचा मोठा अध्याय नेट-सेटचा. १९ सप्टेंबर १९९१ रोजी अनुदान आयोगाने अधिव्याख्याता पदासाठी नेट परीक्षा बंधनकारक केली. महाराष्ट्राची सेट सुरू झाली ती १९९५ मध्ये. मधल्या काळात ग्रामीण महाविद्यालयांना उमेदवार मिळणार कुठून? निवड समित्या बसल्या, विद्यापीठाने मान्यता दिल्या, प्राध्यापक रुजू झाले, शिकवू लागले. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले हे सारे ‘बिगर नेट-सेट’ म्हणून अधांतरी राहिले. वेतनवाढ नाही, स्थाननिश्चिती नाही, वर्गात मात्र नियमित. मराठवाडा आणि विदर्भातल्या महाविद्यालयांत अशांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे होते.

या प्रश्नावर, आणि सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर, एमफुक्टोने फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. ते वर्ष मराठवाड्यात भीषण दुष्काळाचे होते. जायकवाडी आटलेले, जालना टँकरवर, गावोगावी चारा छावण्या. त्यात मुलांच्या परीक्षा लांबलेल्या. लोकांचा राग प्राध्यापकांवर निघाला, वर्तमानपत्रांतून पगाराचे आकडे छापून आले. लाखभर पगार घेणाऱ्यांना आणखी काय पाहिजे, हा सवाल एस.टी.त शेजारी बसलेला माणूसही विचारी. संघटना आपली बाजू समाजाला समजावून सांगू शकली नाही, हे मान्य करायला हवे. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर बहिष्कार संपला. सरकारने त्या काळातला ७१ दिवसांचा पगार रोखून धरला. २७ जून २०१३ रोजी बिगर नेट-सेट प्राध्यापकांच्या सेवा नियमित करणारा शासन निर्णय निघाला, पण लाभ निर्णयाच्या तारखेपासून. आधीच्या वर्षांसाठी पुन्हा कोर्टाची पायरी. ७१ दिवसांचे ते पैसे तर पाच वर्षांनी झालेल्या पुढच्या आंदोलनाच्या मागणीपत्रकातही होते.

ते पुढचे आंदोलन सुरू झाले २५ सप्टेंबर २०१८ रोजी. राज्यभर बेमुदत कामबंद. रिक्त जागा भरा, जुनी पेन्शन द्या, ७१ दिवसांचा पगार द्या आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना योग्य वेतन द्या, अशा मागण्या. या शेवटच्या मागणीपाशी थांबायला हवे.

तासिका तत्त्व म्हणजे घड्याळी तासावरची नेमणूक. कॉलेजात सगळे त्याला सीएचबी म्हणतात. २००१ नंतर नवी महाविद्यालये ‘कायम विनाअनुदानित’ अटीवर निघू लागली आणि अनुदानित महाविद्यालयांत निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. २५ मे २०१७ रोजी वित्त विभागाने पदभरतीच थांबवली. वर्ग तर चालवायचे होते. मग वर्गाच्या दारात सीएचबीचा प्राध्यापक उभा राहिला. बहुतेकदा नेट किंवा सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी., वय पस्तीस-चाळीस.

त्याच्या महिन्याचा कागद एकदा पाहावा. तारीख, वर्ग, विषय, तासाची वेळ, शिकवलेला घटक, पुढे सही. खाली विभागप्रमुखाची सही, मग प्राचार्यांची. हे बिल सहसंचालकांच्या कार्यालयात, म्हणजे जेडी ऑफिसात जाते. त्रुटी निघाली तर परत येते. अनुदान आले नसेल तर टेबलावर राहते. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाल्याची उदाहरणे विरळाच. पोळा, दसरा, दिवाळी, गॅदरिंग, निवडणुकीची सुट्टी, परीक्षेचा काळ, या कशालाही पैसे नाहीत, कारण त्या दिवशी तास नाही. बाळंतपणाची भरपगारी रजा नाही. उन्हाळ्यात नेमणूक संपते आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभे राहायचे, त्याच खुर्चीसाठी, ज्या खुर्चीवर सहा वर्षे बसलो.

हिशेब करून पाहा. १४ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने पदवी वर्गाच्या तासाला ५०० रुपये आणि पदव्युत्तर तासाला ६०० रुपये दर ठरला आणि आठवड्याला ९ तासांची मर्यादा राहिली. म्हणजे एकही सुट्टी न येता आठवडा पार पडला तर ४५०० रुपये, चार आठवड्यांचे १८,०००. सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० आहे आणि त्याचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास. अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत सांगितले होते की कंत्राटी प्राध्यापक दहा टक्क्यांहून अधिक नसावेत. जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्यावे असेही आयोगाने म्हटले. राज्याने तासिकेचे दर नंतर वाढवले, पण तासाचा हिशेब तोच राहिला. शिकवणे तासावर मोजले जाते. वाचणे, तयारी, पेपर तपासणे, मुलांच्या अडचणी ऐकणे मोजले जात नाही.

आता २०१८ च्या संपाकडे परत जाऊ. पूर्णवेळ प्राध्यापकाने संप केला तर पगार कापला जाण्याची भीती असते, पण तो पगार लढून परत मिळवता येतो. सीएचबीच्या प्राध्यापकाने त्या दिवशी तास घेतला नाही तर तो तास कायमचा गेला, आणि तास घेतला तर आपल्याच मागणीसाठी चाललेला संप मोडल्याचा ठपका. त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी नुकसान. आंदोलन मागे घेतल्यावर महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, ३५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्याला सरकारने मान्यता दिली आणि अकरा दिवसांनी तासिकेच्या दराचा निर्णय निघाला. म्हणजे संघटित दबावाचा लाभ झाला. पण ती पदे म्हणजे रिक्त जागांच्या चाळीस टक्केच होती, आणि ती भरण्याचे कामही रखडत गेले.

पूर्णवेळ प्राध्यापकांच्या संघटनांनी सीएचबीवाल्यांसाठी काहीच केले नाही, हे म्हणणे खोटे ठरेल. मागणीपत्रकात तो मुद्दा असतो, सभेत ठराव होतो. अडचण प्रतिनिधित्वाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये ‘अध्यापक’ या शब्दाच्या व्याख्येत ‘पूर्णवेळ’ आणि ‘मान्यताप्राप्त’ या दोन अटी आहेत. १९९४ च्या अधिनियमातही त्या होत्या. सिनेटवर अध्यापकांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, त्यांच्या मतदारयादीत सीएचबीच्या प्राध्यापकाचे नाव नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत. औरंगाबाद विभागाचा शिक्षक मतदारसंघ त्यांतला एक. तिथे मत द्यायचे तर गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षे अध्यापन केल्याचा दाखला लागतो. दरवर्षी तुटणाऱ्या, तासांत मोजल्या जाणाऱ्या सेवेतून तो दाखला जुळवणे किती कठीण, हे ज्याने कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यासाठी फेऱ्या मारल्या त्याला विचारावे. ज्या दोन सभागृहांतून प्राध्यापक चळवळीने आपली बहुतेक ताकद मिळवली, त्यांतल्या एकाचे दार त्याला बंद आहे आणि दुसऱ्याचे जेमतेम किलकिले.

म्हणूनच नेट-सेट-पीएच.डी.धारकांनी आपल्या स्वतंत्र समित्या आणि नवप्राध्यापक संघटना काढल्या, २०२१ च्या पावसाळ्यात पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर धरणे धरले. ही वाट मुप्टाच्या वाटेसारखीच आहे. मोठ्या घरात जागा नसेल तर माणूस ओसरीवर वेगळी चूल मांडतो. फरक एवढाच की वेगळी चूल मांडलेल्यांकडे वर्गणी भरायलाही पैसे नाहीत.

न्यायालयांचा सूर बदलतो आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन द्या असे सांगितले. युनेस्कोने १९९७ च्या शिफारशीत अर्धवेळ प्राध्यापकाला कामाच्या प्रमाणात पूर्णवेळाइतकाच मोबदला आणि तशाच सेवाशर्ती द्या असे म्हटले होते. पण निकाल आणि शिफारशी आपोआप पगारपत्रकावर उतरत नाहीत, हे ७१ दिवसांच्या पगारासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या प्राध्यापकांहून अधिक कोणाला कळणार?

बामुक्टा, मुप्टा, एमफुक्टो या संघटनांच्या आजच्या नेतृत्वापुढे म्हणून दोन कामे आहेत. पहिले त्यांच्या स्वतःच्या हातातले : सीएचबीच्या प्राध्यापकांना नाममात्र वर्गणीत, पूर्ण मताधिकारासह सभासद करावे, आणि जिल्हा व केंद्रीय कार्यकारिणीत त्यांच्यासाठी जागा राखाव्यात. दुसरे सरकारकडून मिळवायचे : २०१६ च्या अधिनियमातली अध्यापकाची व्याख्या बदलून, सलग तीन वर्षे शिकवणाऱ्या प्रत्येक पात्र प्राध्यापकाला सिनेटच्या मतदारयादीत घ्यावे. बिगर नेट-सेटच्या प्रश्नासाठी ज्या चिकाटीने या संघटना बावीस वर्षे उभ्या राहिल्या, तीच चिकाटी इथे लावावी. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा, आणि मांडताना सूचक म्हणून नाव तासिकेवरच्या प्राध्यापकाचे असू द्या.